क्लेगवर्थची लिफ्ट

क्लेगवर्थ स्टेशनला दोन फलाट आहेत आणि दोहोंच्या मध्ये बेचाळीस पायऱ्यांचा लोखंडी पूल आहे. गावातून येणारा रस्ता पहिल्या फलाटाशी संपतो. इस्पितळ आहे त्या स्टॅनक्लिफकडे जाणारी गाडी दुसऱ्या फलाटावर लागते. यात रेल्वेला दोष देण्यात अर्थ नाही. पूल बांधला तेव्हा गावातली सगळी माणसं धडधाकट होती, कारण जी नसत ती फार दिवस टिकत नसत.

डेरेक ओपनशॉ मात्र टिकला होता. उमेदीची अठरा वर्षं त्याने गिरणीत कापूस पिंजण्यात घालवली. कापड लंडनला गेलं आणि धूळ डेरेकच्या छातीत राहिली. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कधीमधी पूल चढून पाहिलाच तर, त्याला सात पायऱ्या चढता येत. आठवीवर तो थांबे आणि पुलाच्या गंजाबद्दल काहीतरी बोले, म्हणजे आपण गंज बघायला थांबलो आहोत असं बायकोला वाटावं. ब्रेंडाला तसं कधीच वाटलं नाही, पण तीही गंजाकडे बघत उभी राही.

दर मंगळवारी अकरा वाजता स्टॅनक्लिफच्या इस्पितळात श्वासाच्या व्यायामाचा वर्ग असे. त्या वर्गाने डेरेकला खरोखर गुण येत होता. सहा महिन्यांपूर्वी तो चौथ्या पायरीवरच गंज बघायला थांबत असे. वर्गाचा नियम एकच होता: तीनदा उशीर झाला की नाव कमी, आणि पुन्हा नाव लागायला चौदा महिने. डेरेकला दोनदा उशीर झालेला होता.

उशीर होण्याचं कारण गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना पूल चढता येत नाही ते क्लेगवर्थकर पहिल्या फलाटावरून उलट्या दिशेची गाडी पकडतात. दोन स्टेशनं मागे थॉर्नगिलला उतरतात. तिथे पूल नाही, फाटक आहे. ते ओलांडून पलीकडच्या फलाटावर अर्धा तास थांबायचं, मग सुलट्या गाडीत बसायचं, आणि घरातून निघाल्यावर सव्वा तासाने आपल्याच स्टेशनच्या दुसऱ्या फलाटावरून पुढे जायचं. गाडी क्लेगवर्थला थांबली की डेरेक खिडकीतून समोरच्या रिकाम्या बाकाला हात करी. सव्वा तासापूर्वी तो त्याच बाकावर बसलेला असे.

या लोकांना गावात उलट्या गाडीची मंडळी म्हणत. गुडघे गेलेला एक माजी बसचालक, बाबागाडीवाल्या दोन आया, काठ्या घेतलेल्या चार-पाच बायका. थर्मास असत, आल्याचा केक असे, हवेवर बोलणं होई. इतकी वर्षं हे चाललं होतं की काहींना आपण उलटे जातो आहोत याचाच विसर पडला होता.

दुसऱ्या उशिरानंतर ब्रेंडा कौन्सिलमध्ये गेली. पूर्वी जिथे वाचनालय होतं तिथे आता कौन्सिलचा निधी-मागणी विभाग होता. कौन्सिलचे बाकीचे बहुतेक विभाग काटकसरीत गेले होते. हा एकच वाढत होता, कारण स्वतःच्या पैशाने काही करणं परवडेनासं झाल्यापासून लंडनकडे मागणं हेच कौन्सिलचं मुख्य काम झालं होतं. विभागात चौदा माणसं होती आणि प्रमुख होता सायमन थ्रेलफॉल. लहानपणी त्याने शाळेच्या जेवणघरात सहा वर्षं ब्रेंडाच्या हातचं पुडिंग खाल्लं होतं, त्यामुळे अजूनही तिच्यासमोर तो ताठ बसत असे.

"लिफ्ट बसवायचा अधिकार आम्हाला नाही, ओपनशॉबाई," तो म्हणाला. "पण अर्ज करायचा अधिकार आहे. प्रादेशिक समता निधी म्हणून नवीन निघालाय. उत्तरेला लंडनच्या बरोबरीला आणायचं, असं त्यांनी ठरवलंय."

"कुणी ठरवलंय?"

"लंडननं."

गेल्या वर्षी विभागाने काय मिळवलं, असं ब्रेंडाने विचारलं. सायमनने सांगितलं की अर्ज चांगला कसा लिहावा याच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता, पण तो नीट लिहिलेला नसल्यामुळे नामंजूर झाला. हे सांगताना तो हसला नाही. ब्रेंडाने पर्समधून केकचा तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला, कारण पोरगा वाळलेला दिसत होता.

अर्ज गेला. दोन महिन्यांनी पुलावर कॅमेरा लागला आणि त्याने एक आठवडा मोजणी केली. काठी घेतलेले, चाकाच्या खुर्चीतले, बाबागाडीवाले, दम लागणारे असे किती लोक पूल वापरतात, हे पाहायचं होतं. आकडा आला शून्य. ज्यांना पूल चढता येत नाही असा एकही माणूस पुलावर आढळला नाही, तेव्हा लिफ्टची गरज सिद्ध होत नाही, असं निधीने कळवलं. तक्रारवहीही तपासली होती, ती कोरी निघाली. वही दुसऱ्या फलाटावर ठेवलेली होती.

ब्रेंडा पुन्हा वाचनालयात, म्हणजे विभागात गेली. "अरे, पुलावर कसे दिसतील ते? ते थॉर्नगिलला दिसतील," ती म्हणाली. सायमनच्या डोळ्यांत तेज आलं. ही माहिती फार मोलाची आहे, ती पुरवणी अर्जात घालू आणि प्रत्यक्ष पाहणीची विनंती करू, असं तो म्हणाला. ब्रेंडा घरी गेली ती हुरूप घेऊनच. डेरेकला तिने सांगितलं की आता लंडनहून माणूस येणार, तो डोळ्यांनी बघणार आणि मग काही प्रश्नच उरणार नाही.

लंडनहून आलेल्या माणसाचं नाव ज्युलियन हार्गेस्ट. वय तिशीच्या आत, वागणं अतिशय सौम्य. थॉर्नगिलच्याही पलीकडची एक पाहणी आटोपून तो सोमवारी सुलट्या गाडीने दुसऱ्या फलाटावर उतरला आणि सामानाची मोठी चाकांची पेटी घेऊन त्याला बेचाळीस पायऱ्या चढाव्या आणि उतराव्या लागल्या. मध्ये दोनदा तो टेकला. हे सायमनने समोरून पाहिलं आणि ब्रेंडाला फोन करून आनंदाने सांगितलं. काम झालं असंच दोघांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. उलट्या गाडीची मंडळी थॉर्नगिलला उतरली, तर फाटकाशी हार्गेस्ट प्रश्नावली घेऊन उभा. पाऊस पडत होता आणि त्याच्याकडे छत्री नव्हती. ब्रेंडाने आधी त्याला आपल्या छत्रीखाली घेतलं, मग थर्मासच्या झाकणात चहा दिला. प्रश्न एकूण अडतीस होते. ओळखीच्या माणसांबरोबर प्रवास करता का? हो. प्रवासात खाणंपिणं, गप्पा होतात का? होतात की. आठवड्यातून किती वेळा थॉर्नगिलला येता? डेरेकने घड्याळाकडे पाहिलं आणि ब्रेंडाने डेरेककडे. पण परक्या मुलखात आलेल्या, भिजलेल्या पोराला अर्ध्यावर तोडून निघून जाणं क्लेगवर्थमध्ये कुणाला जमलेलं नाही.

"शेवटचा प्रश्न," हार्गेस्ट म्हणाला. "एकंदर प्रवास कसा वाटतो?"

उत्तर इंग्लंडात या प्रश्नाचं उत्तर आईच्या दुधाबरोबर पोटात जातं. पाय मोडलेला माणूसही तेच देतो आणि छप्पर उडालेलाही.

"तक्रार करण्यासारखं काही नाही," डेरेक म्हणाला.

"चाललंय की. कुरकुर कशाला करायची," ब्रेंडा म्हणाली.

हार्गेस्टने दोन खुणा केल्या. तेवढ्यात फाटक खाली आलं, आणि त्याच्या अलीकडे उभं राहून मंडळींनी आपली गाडी पलीकडून जाताना पाहिली. माजी बसचालकानेही प्रश्नावलीत काही तक्रार केली नाही. गाडी गेल्यावर मात्र त्याने जे शब्द वापरले ते नोंदवायला रकाना नव्हता.

इस्पितळात पोहोचायला पाऊण तास उशीर झाला. खिडकीतल्या बाईंनी फार वाईट वाटत असल्याचं सांगितलं आणि डेरेकचं नाव खोडलं. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "चौदा महिने काही फार नाहीत गं. जातील." घरी आल्यावर ब्रेंडा स्वयंपाकघरात गेली, बटाट्याचं भांडं नळाखाली धरलं आणि पाण्याच्या आवाजात रडली. तिला राग हार्गेस्टचा आला नव्हता, स्वतःचाच आला होता. अडतीस प्रश्न विचारले गेले आणि अडतिसांपैकी एकदाही आपल्या तोंडून निघालं नाही की माझ्या नवऱ्याला श्वास पुरत नाही.

निकाल सहा आठवड्यांनी लागला. सायमन पत्र घेऊन स्वतः घरी आला, डेरेक झोपला होता म्हणून हळू बोलला.

"मंजूर झालाय, बाई. विभागाचा अकरा वर्षांतला पहिला अर्ज."

ब्रेंडाने ओल्या हातांनी पत्र घेतलं. पत्र सविस्तर होतं. क्लेगवर्थ ते थॉर्नगिल हा त्या भागातला दुपारच्या आतला सर्वांत लोकप्रिय प्रवास असल्याचं आढळलं होतं. लोक खाद्यपदार्थ घेऊन हौसेने तिथे जातात, अर्धा तास फिरतात आणि परत येतात. क्लेगवर्थला लिफ्ट झाल्यास ही सहल बंद पडेल, उत्पन्न घटेल आणि पुढेमागे ती गाडीच बंद करावी लागेल. शिवाय अठ्ठ्याण्णव टक्के प्रवासी समाधानी होते. उरलेल्या दोन टक्क्यांची तक्रार पावसाबद्दल होती.

पुढे वेळेच्या मोलाचा हिशेब होता. माणसाचं मिनिट किती मोलाचं हे तो जिथे राहतो तिथल्या कमाईवरून ठरवायचं, असा निधीचा निकष होता. त्या निकषाने डेरेकसारख्याचा दर मंगळवारचा सव्वा तास वर्षभर साठवला तरी तो हार्गेस्टच्या एका दुपारपेक्षा स्वस्त पडत होता. उलट खुद्द हार्गेस्टची पेटी ओढण्यात नऊ मिनिटं गेली होती आणि ती गंभीर बाब होती. राजधानीतली मिनिटं अशी वाया जाणं देशाला परवडणारं नव्हतं. म्हणून उत्तरेहून येणारी माणसं आणि त्यांच्या पेट्या जिथे राजधानीकरांच्या वाटेत येतात, तिथेच लिफ्ट बसवण्याचा निर्णय झाला होता.

"म्हणजे कुठे?" ब्रेंडाने विचारलं.

"लंडनच्या स्टेशनात. आपली गाडी लागते तिथे."

"तिथे नाहीये लिफ्ट?"

"दोन आहेत. पण त्यांना गर्दी असते." सायमनने पत्रातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "नाव क्लेगवर्थ लिफ्ट असणार आहे. पितळी पाटी आहे. निधी उत्तरेच्या खात्यावरच पडलाय, म्हणजे कागदोपत्री आपणच बरोबरीला आलो."

"मग मी ती मंगळवारी पिशवीत घालून आणू का रे?"

सायमन म्हणाला की उद्घाटनाची फीत ओपनशॉ दांपत्याने कापावी अशी लंडनची इच्छा आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मलाच कापावी लागेल. ब्रेंडाने खिडकीतून बाहेर पाहिलं. ती जाणार होती. तिथे मोठे लोक असतील, हार्गेस्ट असेल, आणि तो पुन्हा विचारील. या वेळी तिला उत्तर ठाऊक होतं.

तीन आठवडे तिने ते वाक्य पाठ केलं. "आमच्या गावाला लिफ्ट नाही, आणि माझ्या नवऱ्याला श्वास पुरत नाही." बटाटे सोलताना म्हटलं, अंथरूण घालताना म्हटलं. डेरेक म्हणाला, "अगं, मला पाठ झालं आता." लंडनची गाडी दुसऱ्या फलाटावरून सुटत असल्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी दोघं पहाटे उलट्या गाडीने थॉर्नगिलला गेले.

लिफ्ट सुरेख होती. काचेची, आवाज न करणारी, आत धरून उभं राहायला लोखंडी दांडी. फीत कापल्यावर डेरेक तिच्यातून वर गेला, खाली आला आणि कुणी काही म्हणत नाही असं पाहून पुन्हा वर गेला. वरून त्याने ब्रेंडाला हात केला. त्याला दम लागलेला नव्हता. एवढ्या वर्षांत इतक्या उंचीवर तो दम न लागता पहिल्यांदाच उभा होता, आणि ब्रेंडाला एकदम इतका आनंद आणि इतका संताप आला की कुठला आधी गिळावा ते तिला कळेना.

तेवढ्यात हार्गेस्ट आला. त्याने तिच्यासाठी स्वतः चहा आणला होता, बरोबर केकचा तुकडाही. "थॉर्नगिलला तुम्ही मला दिला होतात, माझ्या लक्षात आहे," तो म्हणाला. त्याला सर्दी झालेली होती आणि नाक लाल झालं होतं. आजूबाजूला चांगल्या कपड्यांतली माणसं गप्प उभी राहून तिच्याकडे कौतुकाने पाहत होती. त्याने खिशातून कागद काढला.

"मग, बाई? कसं वाटतंय?"

ब्रेंडाने श्वास घेतला. वाक्य जिभेवर होतं. तिने त्या लाल झालेल्या नाकाकडे पाहिलं, हातातल्या चहाकडे पाहिलं.

"छान आहे हो," ती म्हणाली. "तक्रार करण्यासारखं काही नाही."

हार्गेस्टने खूण केली. प्रकल्पाचा अंतिम अहवाल त्याच संध्याकाळी पूर्ण झाला आणि क्लेगवर्थ हे गाव समतेच्या यादीतून 'साध्य' या शेऱ्यासह कमी करण्यात आलं.

ब्रेंडाला बावळट म्हणण्याआधी वाचकांनी एवढंच आठवून पाहावं. आज सकाळीच तुम्हाला जिन्यात कुणीतरी "काय, कसं काय?" असं विचारलं होतं. लिफ्ट बंद होती, हातात पिशव्या होत्या, आणि तुम्ही हसून "मजेत" म्हणालात. विचारणाऱ्याच्या हातात कागद होता की नाही, तेवढं तुम्ही पाहिलं नाही.