रेघेला शिवून परत

गायकवाड सरांच्या हातून चहाचा कप घेणं सोपं नव्हतं. आपण कप धरला तरी ते सोडत नसत. "छातीशी!" असं दरडावायचे आणि कप खरोखर छातीशी आला की मगच बोटं सैल करायचे. मी त्यांचा प्राचार्य, तरी माझे दोन सदरे त्यात डागाळले.

ताथवड्याच्या आमच्या छोट्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते अमेरिकन फुटबॉलचे कोच होते. हो, अमेरिकन! अंड्यासारखा चेंडू छातीशी घट्ट धरून पळायचं, समोरच्या टोकाची रेघ ओलांडायची, की गुण. एका माजी विद्यार्थ्यानं परदेशातून चेंडू पाठवले, गायकवाड क्रीडाशिक्षक, म्हणून ते त्यांच्या टेबलावर येऊन पडले, एवढीच या खेळाची आमच्याकडची परंपरा.

"मोबाईलवर बगितला, सर," ते म्हणाले. "कबड्डीच हाय. फकस्त सामान घेऊन पळायचं."

निम्मी पोरं चाकणला शिफ्ट करून शिकणारी. कंपनीच्या बसमधून उतरली की थेट मैदानात. खांद्यांना संरक्षण म्हणून पॅकिंगचा फोम. अकरावा खेळाडू मिळाला त्या दिवशी सरांनी पेढे वाटले. प्रत्येक पेढा छातीशी.

हीच पोरं एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली. शेवटची मिनिटं. चेंडू बालाजीकडे. लातूरकडचा पोरगा, गावाकडे कबड्डीत चढाई करणारा. चौघांना हुलकावणी देऊन तो रेघेपाशी गेला. पलीकडे पाऊल टाकलं की करंडक आमचा. बालाजीनं रेघेला अंगठा लावला, गर्रकन वळला आणि जीव खाऊन आमच्याकडे परत पळत आला! वाटेतच त्याला लोळवलं. मैदान हसून हसून आडवं झालं.

दुसऱ्या दिवशी संस्थाचालक माझ्या केबिनमध्ये जाब विचारायला बसले. दाराशी बालाजी, हातात बॅग. पोरं चिडवून जगू देत नव्हती, म्हणून कॉलेज सोडून गावी निघालेला.

"पोराची चूक न्हाई," गायकवाड म्हणाले. "मीच तसं शिकवलं. रेघेला शिवायचं आन् परत यायचं. कबड्डी बसलीय ना माझ्या डोक्यात!"

सगळे पुन्हा हसले, पण आता सरांना. बालाजीची बॅग खोलीवर परत गेली. मी मात्र सरांकडून संघ काढून घेतला. पुढची सगळी नोकरी त्या धिप्पाड माणसानं कॅरम आणि बुद्धिबळाच्या स्पर्धा घेण्यात काढली. आणि 'कोचलाच नियम ठाऊक नव्हते' हा किस्सा मी समारंभांतून रंगवून सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात पिंपरीत सरांचा निवृत्तीचा सत्कार झाला. बालाजी आता चाकणला सुपरवायझर आहे. तो उठून म्हणाला, "सर त्या दिवशी खोटं बोलले. पलीकडच्या मातीत लोळ, मगच थांब, हे त्यांनी माझ्याकडून रोज घोकून घेतलं होतं. विसरलो मी."

तेव्हा नोंद दुरुस्त करतो. आमच्या कॉलेजला अंतिम सामन्यापर्यंत नेणारा कोच एकच झाला. त्याला नियम पाठ होते. आणि त्याच्या संघातल्या एकाही पोरानं शिक्षण अर्ध्यावर सोडलं नाही. हा माणूस माझ्या हाताखाली होता, हे मी आता अभिमानानं सांगतो.

सत्कारातच मी माफी मागायला लागलो, तर सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सर. कॅरम बी चांगला खेळ हाय."

तेवढ्यात बालाजीनं आपली तान्ही मुलगी त्यांच्यापुढे धरली. जन्मभर एकटा राहिलेला माणूस; घाबरत हात पुढे केले. बालाजी सोडेचना.

"छातीशी, सर!"

सरांनी तिला छातीशी घेतलं. खुर्च्यांमधून वाट काढत हॉलच्या टोकाला गेले, भिंतीला हळूच अंगठा लावला आणि वळून परत आले.

"परत यायलाच पायजे, राव," ते तिला म्हणाले.

बालाजीनं घ्यायला हात पुढे केले. सरांना ते दिसले नाहीत. ते पुन्हा भिंतीकडे निघाले होते.