डब्यातलं जहाज

कुठलीही गोष्ट केवढी आहे असं विचारलं, की लेलेकाका ती जहाजात मोजून सांगत. बुओना व्हिस्टाच्या आमच्या काँडोचा स्विमिंग पूल पाऊण जहाज. एमआरटी मेट्रोचा प्लॅटफॉर्म अडीच. जहाज म्हणजे अठराव्या शतकातलं एक फ्रेंच लढाऊ जहाज, चौऱ्याहत्तर तोफांचं.

काका तीस वर्षं जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत पाइपिंग इंजिनीयर होते. रिटायर झाल्यावर जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये त्यांना या जहाजाचं ड्रॉइंग मिळालं. ते त्यात शिरले, ते बाहेर आलेच नाहीत. कंपनीच्या बसमधून रोज दिसणारे टँकर त्यांच्या लेखी जहाजं नव्हतीच. "तरंगत्या टाक्या," म्हणायचे.

पुढे हे जहाज इंग्रजांनी पकडलं आणि त्याच नावानं आपल्या आरमारात घेतलं. काकांना याचं फार अप्रूप. शेजारच्या जोशींना इथलं नागरिकत्व मिळालं, त्या पार्टीत काका त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. झेंडा बदलला, नाव तेच." जोशीकाकू केक कापता कापता थांबल्या.

काकांची बायको गेल्यापासून आई त्यांना दर रविवारी डबा द्यायची. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून काका त्यात जहाजाच्या इतिहासाची दोन-दोन पानं घालून पाठवत. मराठीत, हातानं लिहिलेली.

"माणसं चिमूटभर साखर घालतात," आई म्हणायची.

पानं माझ्यासाठी होती. "तुला मराठी वाचता येतं ना गं?" त्यांनी विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले होते. पण मी इंग्लिश मीडियमची. पहिलं पान त्यांच्यासमोर वाचायला घेतलं, तर मी तिसऱ्या ओळीपर्यंत पोचेतो त्यांचा चहा संपला. नंतरची पानं नुसती ड्रॉवरमध्ये साठत गेली.

एकदा काकांनी लिफ्टमध्ये गाठलं. "जहाज पकडलं गेलं, तिथपर्यंत आलीस?"

"हो, काका."

"काय आवडलं?"

"लढाई," मी म्हणाले. "मस्त लिहिलीय."

काका मजल्यांचे आकडे बघत राहिले. "हो का," म्हणाले.

त्या रविवारी डब्यातून साखर आली. आई खूश. त्यानंतर दर रविवारी साखरच आली.

यंदा काका फ्लॅट सोडून कायमचे पुण्याला बहिणीकडे गेले. ते गेल्यावर मी ड्रॉवर उघडला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला बसले. आठवडा लागला. त्यात लढाई नव्हतीच. निम्मे खलाशी तापानं आडवे पडले होते, म्हणून कप्तानानं एकही तोफ न डागता झेंडा खाली उतरवला होता. 'माणसं जगली,' एवढंच काकांनी पुढे लिहिलं होतं.

आणि तिसऱ्या पानापासून त्यांचं अक्षर बदललं होतं. मोठं, सुटं, पहिलीच्या मुलांसाठी फळ्यावर काढतात तसं.

मी फोन केला. "काका, त्यात लढाई नाहीये."



"नाहीच," ते म्हणाले.

"सॉरी, काका. पुढे काय झालं जहाजाचं?"

"पुढचं लिहिलंच नाही गं. वाचणार कोण होतं? इंग्रजांनी बंदरात आणून बांधलं, तिथवर आलो होतो. अजून तिथंच आहे ते."