परस्पर परीक्षण आणि पाचवा मजला

दुसऱ्याच्या घरातला पसारा माणसाला दारातूनच दिसतो, स्वतःच्या घरातला मात्र पाहुणे येणार असल्याचं कळल्यावर. या सत्याच्या पायावर आमच्या भागातल्या सात देशांनी एक करार केला. प्रत्येकाने शेजाऱ्याचं राष्ट्रीय रोजगार धोरण तपासायचं, सुधारणा सुचवायच्या आणि चहा घेऊन परत यायचं. कराराचं नाव ‘परस्पर परीक्षण’. आमच्या देशाचं धोरण मी लिहिलं आहे. मी रोजगार धोरण कक्षाचा उपसंचालक. (संचालकपद चार वर्षं रिकामं आहे. ते भरणं धोरणात बसत नाही.)

पहिल्या फेरीत आम्ही शेजाऱ्यांकडे गेलो. चार दिवसांत एकतीस शिफारशी केल्या, त्यांतल्या बावीस ‘समन्वय वाढवावा’ अशा होत्या. आमच्या धोरणात पान चौदावर चुकून त्यांच्या देशाचं नाव राहून गेलं होतं. मोठ्या मनाच्या माणसांनी ते दाखवून दिलं नाही. त्यांच्या पान चौदावर तिसऱ्याच देशाचं नाव होतं.

माझ्या धोरणाचा गाभा म्हणजे कलम नऊ: रिकामी पदं गोठवावीत, म्हणजे रिकाम्या पदांची संख्या वाढणार नाही. या कलमाची अंमलबजावणी आमच्याच इमारतीपासून झाली. लिफ्ट दुरुस्त करणारा निवृत्त झाला, त्याचं पद गोठलं आणि पाठोपाठ लिफ्टही गोठली. ती चौदा महिने बंदच राहिली. लिफ्टमनचं पद मात्र भरलेलं असल्यामुळे तो रोज बंद लिफ्टसमोर स्टुलावर बसायचा आणि वेळेवर सही करायचा. आकडेवारीत तो ‘पूर्णवेळ कार्यरत’ होता.

आता माझ्या लेकीबद्दल. तिने लिफ्ट दुरुस्तीचाच अभ्यासक्रम केला. तिच्या वर्गात ती एकटी मुलगी, आणि पहिली आली. त्यानंतर तीन वर्षं घरी. या तीन वर्षांत तिने आमच्या सोसायटीतले सगळे मिक्सर, दारावरच्या घंटा आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं श्रवणयंत्र दुरुस्त केलं. माझ्या व्याख्येनुसार ती ‘श्रमबाजाराच्या उंबरठ्यावर’ होती.

मला न सांगता तिने आमच्याच कार्यालयात त्या गोठलेल्या पदासाठी अर्ज केला. नियमाप्रमाणे नकाराचं पत्र गेलं. ते संध्याकाळी घरी माझ्याच जेवणाच्या टेबलावर होतं.

“सही तुमचीच ना?” बायकोने विचारलं.

“दिवसाला साठ पत्रांवर करतो. वाचत कोण बसतंय?”

लेक शांतपणे म्हणाली, “बाबा, जावक क्रमांक चुकलाय.”

मी दुसऱ्या दिवशी जावक क्रमांक दुरुस्त केला. बाप म्हणून त्या घडीला मला एवढंच सुचलं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

महिनाभराने शेजारी देशाची समिती आमच्याकडे आली. अध्यक्षबाई सत्तरीच्या, हातात काठी, गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. सादरीकरण पाचव्या मजल्यावर. बाई लिफ्टसमोर थांबल्या आणि त्यांनी लिफ्टमनला विचारलं, “तुमचं काम काय?”

“लिफ्ट बंद आहे, हे सांगायचं.”

“आणि कोणी विचारलंच नाही तर?”

“तर मग बसायचं.”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी बाजूला जाऊन घरी लेकीला फोन लावला. वीस मिनिटांत लेक हत्यारांची पिशवी घेऊन दारात हजर. पहारेकऱ्याने तिला अडवलं. “काय काम आहे?”

“काम नाहीये, म्हणून तर आलेय,” ती म्हणाली.

ती गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेली, खाली आली, परत वर गेली. दार नीट लागलंय हे मशीनला कळवणारी एक तार तुटली होती. चौदा महिने अख्खं रोजगार खातं त्या वीतभर तारेपायी जिने चढत होतं. पाऊण तासात लिफ्ट हलली. लिफ्टमन स्टुलावरून उठला आणि गोंधळून पुन्हा बसला. बाई आणि लेक लिफ्टने वर गेल्या. मी जिन्याने गेलो. (सवय.)

मी धापा टाकत पोचलो तेव्हा पडद्यावर ‘कुशल युवतींना प्राधान्य’ हे पान होतं. बाईंनी विचारलं, “ही मुलगी तुमच्याकडे कुठल्या पदावर आहे?”

“ती... स्वयंरोजगारित आहे,” मी म्हणालो.

“नाही हो, बेरोजगार आहे,” लेक दारातून म्हणाली. “माझ्याकडे पत्र आहे.” तिने मोबाइलमधला फोटो पुढे केला.

बाईंनी चष्मा लावला. “सही कोणाची?”

“माझी.”

“आणि ही तुमची कोण?”

“लेक.”

बाईंनी पत्राची तारीख वहीत उतरवून घेतली. लेक माझ्याकडे बघत नव्हती. चोवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला वाटलं, खाली बसावं आणि परत उठूच नये.

दोन महिन्यांनी अहवाल आला. मी निलंबनाच्या तयारीने तो उघडला. त्यात लिहिलं होतं: ‘स्वतःच्या कन्येलाही नोकरी नाकारणारा अधिकारी हा निःपक्षपातीपणाचा आदर्श असून सातही देशांनी तो अनुसरावा.’ मला सन्मानचिन्ह मिळालं. सध्या मी देशोदेशी जाऊन स्वतःच्या मुलांना नोकरी कशी नाकारावी यावर व्याख्यानं देतो.

त्याच आठवड्यात लेकीलाही एक पत्र आलं. बाईंच्या देशातल्या रोजगार खात्याची लिफ्ट दोन वर्षं बंद होती. बाईंनी तिला तिथे कायमच्या पदावर बोलावलं. ती गेली. जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “बाबा, गुडघे सांभाळा.” बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, “एकुलती एक पोर परदेशी पाठवलीत. आता तरी धोरण बदला.”

धोरण कसं बदलणार? बेरोजगारांची संख्या एकाने घटली. तिमाही अहवालात मी तो आकडा स्वतःच्या हाताने भरला. भरताना ‘कुठे गेली’ हेही लिहावंसं वाटलं, पण तक्त्यात तसा रकाना नाही.

एक खुलासा करून थांबतो. हे सगळं मी कार्यालयात, अकरा ते दोन या वेळेत लिहिलं आहे. घरी निवांत बसून वाचत असाल, तर माझी सहानुभूती. पण तुम्हीही कामाच्या वेळेत, खाली कुठला तरी तक्ता उघडा ठेवून आणि साहेबांच्या पावलांकडे कान लावून हे वाचत असाल, तर देशाच्या पूर्ण रोजगाराचा कणा तुम्हीच आहात. कृपया जागेवरून हलू नका. मोजणी चालू आहे.