पेंढ्यात दडपलेला डबा

"जगन, ही शेवटची नळी," नम्रता मॅडम म्हणाल्या. "यातल्या पेशी जगल्या नाहीत तर साहेब आपला विभागच बंद करतील. मग तू घरी आणि मीही."

रोह्याच्या बियाणे कंपनीच्या त्या प्रयोगशाळेत खाऱ्या जमिनीतल्या जुन्या भाताच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. गोठायच्या त्या गुमान गोठत, पण पुन्हा जागं व्हायचं नाव घेत नसत. मॅडमची रीत ठरलेली: कोमट पाण्यात वितळव, धू, ताटलीत पसर, दिव्याखाली ठेव. हे सगळं जगनवर सोपवून त्या आठवडाभर मुंबईला गेल्या.

जगनने नळी वितळवली. आता धुणार, तोच त्याचं मन कळवळलं. हिवाने गारठलेल्याला कोणी लगेच न्हाऊ घालतं का? त्याने पेशी न धुताच ताटलीत पसरल्या आणि झाकण चिकटपट्टीने बंद केलं. तेवढ्यात वीज गेली. अंधारात धक्का लागू नये म्हणून ताटली त्याने आपल्या रिकाम्या जेवणाच्या डब्यात ठेवली. शिफ्ट सुटली, आणि सवयीने डबा उचलून गडी खांब गावातल्या आपल्या घरी गेला.

सकाळी तो ओरडला, "शांते, माझा डबा कुठं गो?"

"दडपला पेंढ्यात, भात मोड आणायला ठेवलाय तिथंच," बायको म्हणाली. "कंपनीतून बी आणलंत ना?"

"अगो, काढ तो!"

"येड लागलं का तुमाला? दडपलेलं मधी उघडलं तर बी रुसतं. आठ दिस हात लावायचा नाय."

शांतीपुढे कंपनीचे साहेबही टिकले नसते. जगन तर घरचाच. त्याने न्याहारीच्या पोह्यांतली मोहरी वेचून काढली आणि कुणाला कळू नये म्हणून ते पोहे प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या ताटलीत पसरून दिव्याखाली ठेवले.

आठव्या दिवशी मॅडम परतल्या, पाठोपाठ साहेबही आले. दिव्याखालच्या ताटलीत हिरवी बुरशी माजली होती. साहेबांनी भिंग लावलं.

"मॅडम, मेलं हे सगळं. पण पेशींत मोहरी कशी?"

मॅडमचा चेहरा उतरला. जगन तोंड उघडणार, तोच बगलेत डबा मारून शांती दारात उभी.

"आठ दिस भरले. पण कसलं बाय हे बी! मोड नाय काय नाय, नुसता रवा फुगल्यावानी."

साहेबांनी डब्यातली ताटली भिंगाखाली धरली. पेशी जिवंत होत्या, वर दुप्पट झालेल्या.

"तुम्ही नेमकं केलंत काय?"

"काय नाय. उजेड नाय, वारा नाय. ऊब दिली, बाळंतिणीला देतात तशी."

"आणि आंघोळ मी नाय घातली," जगन हळूच म्हणाला. मॅडम वहीत भराभर लिहीत होत्या.

विभाग टिकला. डबा मात्र काचेच्या कपाटात गेला. त्यावर चिठ्ठी लागली: 'पेशी जागवण्याचे उपकरण. हात लावू नये.' जगन भाकरी फडक्यात बांधून नेऊ लागला.

"अवो, माझा डबा कधी देनार?" महिन्याने शांतीने विचारलं.

"मधी मागायचा नाय," जगन म्हणाला. "साहेब रुसतात."