पहिल्या रांगेतले रुमाल

हॉलमध्ये एकूण ऐंशी खुर्च्या होत्या. वीस लाल, गादीच्या. साठ राखाडी, प्लास्टिकच्या, त्यांतल्या चार डगमगणाऱ्या. चैत्रालीने दोनदा मोजून आकडा वहीत लिहिला आणि डगमगणाऱ्या चार शेवटच्या रांगेत टाकल्या. मग जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीने दोन समांतर रेषा मारल्या. हा रस्ता. रस्त्याच्या एका बाजूला लाल खुर्च्यांच्या दोन ऐसपैस रांगा, दुसऱ्या बाजूला राखाडी खुर्च्यांच्या सहा रांगा, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतील अशा. नाटक रस्त्यावर होणार होतं.

"अडीच मीटर आहे का बरोबर?" मिस पर्लनी विचारलं.

"दोन मीटर एकावन्न सेंटीमीटर."

"एक सेंटीमीटर जास्त? काढून टाक. या भागात एवढ्या जागेत कोणीतरी फ्लॅट बांधेल."

मिस पर्ल बासष्ट वर्षांच्या. सातव्या वर्षी जमैकाहून दक्षिण लंडनमधल्या या ब्रिक्स्टनला आल्या, पुढे तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या. चैत्राली त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायची. पुण्यात रसायनशास्त्र, मग कार्डिफला एम.एससी., आणि २००६च्या जानेवारीपासून क्रॉयडनच्या एका प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासण्याची नोकरी. नाटकाचा तिला अनुभव नव्हता. पण मोजायला दिलेली वस्तू ती नीट मोजते हे मिस पर्लच्या लक्षात आलं होतं, म्हणून खुर्च्या तिच्याकडे.

'रस्त्यापलीकडे' हे नाटक मिस पर्लनी अकरा वर्षं लिहिलं होतं, वॉर्डातल्या जुन्या ड्यूटीच्या तक्त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर. गोष्ट दोन सख्ख्या बहिणींची. व्हर्ना भाड्याच्या दुकानात हेअर सलून चालवते. ग्लोरिया वकील होऊन बाहेर गेलेली. ती परत येते, समोरचंच घर विकत घेते, आणि शनिवारी सलूनमधून फार आवाज येतो म्हणून कौन्सिलला पत्रं लिहू लागते. लहानपणी त्याच सलूनमध्ये तिच्या वेण्या घातल्या जायच्या. चैत्रालीला सगळ्यात आवडलं ते हे, की नाटकात दुष्ट कोणीच नव्हतं. दोघी काळ्या, दोघी एका घरातल्या, आणि ज्या वेळी जी बोलायची त्या वेळी तिचंच खरं वाटायचं.

खरी युक्ती खुर्च्यांची होती. दर प्रवेशानंतर इस्टेट एजंट यायचा आणि राखाडी बाजूच्या पुढच्या रांगेला अदबीने उठवायचा. उठलेल्यांनी मागच्या भिंतीशी उभं राहायचं, खुर्च्या बाहेर जायच्या. असं तीनदा, म्हणजे तीस माणसं. शेवटी व्हर्ना दुकानाला कुलूप लावते, भिंतीशी उभ्या लोकांकडे बघते आणि म्हणते, "सगळे भिंतीला टेकलो की गं आपण." प्रेक्षकांना आधी काहीही सांगायचं नाही, ही सक्त ताकीद होती.

"आणि कोणी उठलंच नाही तर?" चैत्रालीने तालमीत विचारलं होतं.

"इंग्लंडमध्ये? हातात क्लिपबोर्ड असलेला माणूस दिसला की लोक आधी सॉरी म्हणतात, मग उठतात."

प्रयोग एकच होता. नदीकाठच्या एका छोट्या थिएटरच्या हेलनबाई तो बघायला येणार होत्या. त्यांच्याकडे मार्चमधले तीन आठवडे रिकामे होते. आवडलं तर नाटक तिथे जाणार, नाही तर कपाटात.

"माझ्याकडे आणखी अकरा वर्षं नाहीत, लव्ह," मिस पर्ल म्हणाल्या होत्या, साध्या आवाजात, विग विंचरता विंचरता.

गुरुवारपर्यंत एक्केचाळीस तिकिटं गेली. अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये गर्दी हटवण्याचं नाटक कसं होणार? म्हणून चैत्रालीने क्रॉयडनच्या महाराष्ट्र मंडळाला ईमेल केली. पंधरा मिनिटांत मंडळाच्या मधुमतीकाकूंचा फोन आला.

"नाटक आहे ना? मग येणार. विषय काय गं?"

"वस्ती बदलते, काकू. भाडी वाढतात, जुन्या लोकांना जागा सोडावी लागते."

"म्हणजे आमचं गिरगाव. पंचवीस जण धर."

शनिवारी दार सात वाजता उघडायचं होतं. दारात बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवायच्या होत्या. लाल की राखाडी हे नशिबाने ठरणार. साडेसहाला मिस पर्लच्या विगला पिना लावून चैत्राली बाहेर आली, तर राखाडी बाजूला चौदा माणसं बसलेली, आणि त्यांच्या मधल्या अकरा खुर्च्यांवर तीन रुमाल, दोन स्कार्फ, एक छत्री, मोफत पेपरची चार पानं आणि मंडळातल्याच मोहनकाकांचा चष्म्याचा डबा.

"काकू, दार अजून उघडायचं होतं!"

"ढकललं, उघडलं."

"आणि हे काय?"

"अकरा जण १०९ नंबरच्या बसने येतायत. वाटेत स्ट्रेटमला अडकलेत बिचारे. जागा धरायला नको?"

"पण डब्यातून चिठ्ठी काढायची असते. कदाचित तुम्हाला लाल खुर्ची मिळेल."

काकूंनी लाल खुर्च्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, त्या मानाच्या खुर्च्या. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे. आपण कशाला बसायचं तिथे?"

"इथे अध्यक्ष नसतात, काकू."

"येतील. गाद्या मांडल्यात म्हणजे येणारच."

ताकीद असल्यामुळे चैत्रालीला यापुढे बोलता येईना. बाकीचे लोक आले, चिठ्ठ्या काढून बसले. हेलनबाईंना लाल निघाली. चौथ्या राखाडी रांगेत तपकिरी हॅट घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले. साडेसातला दिवे मंदावले. १०९ अजून स्ट्रेटमलाच होती.

पहिला प्रवेश फार सुंदर झाला. मिस पर्ल, म्हणजे व्हर्ना, एका मुलीच्या वेण्या घालत बोलत होत्या, आणि वाक्य कुठे तोडायचं ते त्यांची बोटं ठरवत होती. पेड ओढला की शब्द थांबायचा.

"पॉज बघा, पॉज," मोहनकाका कुजबुजले. "याला म्हणतात पॉज."

मग नेव्ही ब्लू सूट घालून क्लिपबोर्डवाला डेस्मंड आला. दिवसा तो याच भागात पोस्टमन होता. बावीस वर्षं सगळ्यांशी नम्रपणे बोलण्याची सवय, म्हणूनच एजंटची भूमिका त्याला दिली होती.

"गुड इव्हनिंग. ही रांग आता नव्या योजनेत गेली आहे. कृपया मागे भिंतीशी उभं राहाल का?"

"ही आमची जागा आहे," काकू म्हणाल्या.

"होती, मॅडम."

"होती नाही, आहे. सव्वासहापासून बसलोय. आणि हे बघा, इथे माणसं आहेत."

डेस्मंडने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. "इथे कोणी नाही."

"रुमाल आहे ना!"

बावीस वर्षांत टपालखात्याने डेस्मंडला कुत्र्यांना तोंड कसं द्यायचं ते शिकवलं होतं, रुमालाला नाही. त्याने दुसऱ्या रांगेकडे मोर्चा वळवला. तिथे छत्री होती. तिसऱ्या रांगेत स्कार्फ. शेवटी तो म्हणाला, "मी परत येतो," जे संहितेत नव्हतं. प्रेक्षकांना ते संहितेतलं वाटलं आणि ते हसले.

पडद्यामागे मिस पर्लनी विचारलं, "किती हलले?"

"शून्य," चैत्राली म्हणाली. "त्यांना डेस्मंड हॉलचा केअरटेकर वाटतोय. मी जाऊन सांगते."

"सांगितलंस की नाटक मेलं. डेस्मंड, दुसऱ्या वेळी नोटीस ने."

नोटीस म्हणजे सलूनच्या दारावर चिकटवायचा छापील कागद. दुसऱ्या प्रवेशानंतर डेस्मंडने तो काकूंपुढे धरला. काकूंनी तो मोहनकाकांकडे दिला. मोहनकाकांनी तीस वर्षं विमा कंपनीत क्लेम तपासले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि सगळी नोटीस वाचली. सगळा हॉल वाट बघत होता.

"तारीख नाही," ते म्हणाले. "सही कोणाची ते लागत नाही. आणि अहो, हा पोस्टकोड पूर्व लंडनचा आहे."

"कुठे?" डेस्मंड चटकन वाकला. एजंट बाजूला राहिला, पोस्टमन जागा झाला. "अरे, खरंच की! हे पत्र इथे पोचलंच नसतं."

"मग आम्ही उठायचं कशाला?"

"तसं बघितलं तर... नाही."

चौथ्या रांगेतून तपकिरी हॅटवाले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "मलाही आली होती असली नोटीस, नव्वद साली. मी न वाचताच घर सोडलं. द्या इकडे." नोटीस हातोहात मागे गेली. गृहस्थांनी ती वाचली, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि डोक्यावरची हॅट काढून तिच्यावर ठेवली. त्यांच्या मागच्या बाईंनी आपल्या शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली. अर्ध्या मिनिटात राखाडी बाजूला एकही खुर्ची नुसती रिकामी राहिली नाही.

नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि १०९चे लोक सॉरी सॉरी करत रस्त्यावरून, म्हणजे नाटकातल्या रस्त्यावरून, आत आले. दहाच होते; अकरावा कंटाळून स्ट्रेटमलाच उतरला होता. रुमाल उचलले गेले, माणसं बसली, छत्री मालकाकडे गेली. समोर लाल खुर्चीत हेलनबाईंनी लिहिणं थांबवून वही मिटली. चैत्रालीला ते दिसलं. एका ईमेलने तिने अकरा वर्षं बुडवली होती.

तिसऱ्या वेळी डेस्मंड जायला तयार होईना. "त्यांचं म्हणणं बरोबर आहे," तो म्हणाला. "पोस्टकोड चुकीचाच आहे."

"राहू दे," मिस पर्ल म्हणाल्या. "मीच जाते."

शेवटचा प्रवेश. क्रीम रंगाचा कोट घातलेली ग्लोरिया रस्त्याच्या मध्यावर उभी. व्हर्नाने दुकानाला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि भिंतीकडे वळली. भिंतीशी कोणी नव्हतं. बोलायचं वाक्य बोलता येण्यासारखं नव्हतं. चैत्रालीने सात सेकंद मोजले.

मग मिस पर्ल पिवळी पट्टी ओलांडून पहिल्या रांगेपाशी आल्या. काकूंच्या शेजारी एक खुर्ची अजून धरलेली होती. तिच्यावर चष्म्याचा डबा.

"इथे कोणी बसलंय का?" त्यांनी विचारलं. आवाज व्हर्नाचाच होता, पण थकलेला.

काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं, मागच्या बंद दुकानाकडे पाहिलं.

"बसलं नाही. धरलीय."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच. बसा."

काकूंनी डबा उचलला. मिस पर्ल बसल्या. आता रस्त्यावर ग्लोरिया एकटी राहिली. तिच्याकडे वाक्य नव्हतं. तिने लाल खुर्च्यांकडे पाहिलं, मग राखाडी. चौथ्या रांगेतल्या गृहस्थांनी शेजारच्या खुर्चीवरची हॅट सावकाश उचलली आणि मांडीवर घेतली. ग्लोरियाने कोट काढून हातावर टाकला आणि रांगेत शिरली. लोक पाय आखडून तिला वाट देत होते. दिवे गेले.

टाळ्या संपायच्या आत हेलनबाई मिस पर्लपाशी पोचल्या होत्या. "तीन आठवडे, अठरा प्रयोग. पण असंच हवं. रुमाल, नोटीस, तो पोस्टकोड, हॅट. आणि पहिल्या रांगेत याच बाई. कोणी बसवलं हे? केवढं नेमकं बसवलंय!"

मिस पर्लनी चैत्रालीकडे पाहिलं. चैत्राली चिकटपट्टीकडे बघत होती.

"या बाईंनी माझा शेवट खाल्ला," मिस पर्ल म्हणाल्या आणि काकूंचा हात दोन्ही हातांत घेतला. "अकरा वर्षं मी त्या लोकांना भिंतीशी उभं करत होते. त्यांना बसवायचं मला एकदाही सुचलं नाही."

काकूंना आता कुठे उलगडा झाला. "म्हणजे तो सूटवाला नाटकातला होता? अगं बाई! भर प्रयोगात मी नटाशी भांडले?" त्यांना डेस्मंडची माफी मागायची होती. मोहनकाकांनाही मागायची होती, पण पोस्टकोडबद्दल नाही.

सोमवारी करारावर सह्या झाल्या. मार्चच्या पहिल्या मंगळवारी थिएटरमध्ये तालीम ठेवली. काकू मंडळातल्या नऊ जणींना घेऊन वेळेच्या पाऊण तास आधी आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. रुमाल नवे होते, इस्त्रीचे. हेलनबाई मागे वही उघडून बसल्या. मिस पर्ल विंगेत उभ्या होत्या. कोणता प्रवेश किती चालतो ते हेलनबाईंना हवं होतं, म्हणून चैत्रालीच्या हातात स्टॉपवॉच होतं. दिवे मंदावले, पहिला प्रवेश झाला, आणि क्लिपबोर्ड घेऊन डेस्मंड आला.

"गुड इव्हनिंग. ही रांग आता नव्या योजनेत गेली आहे. कृपया मागे..."

चैत्रालीने बटण दाबलं.

"या, या, डेस्मंड! बरे आहात ना?" काकू म्हणाल्या. "उठा गं सगळ्या. त्याचं काम आहे ते, खोळंबा नको. रुमाल घ्या आपापले."

दहा खुर्च्या एकोणीस सेकंदांत रिकाम्या झाल्या.