पुरावा मागणारे आप्पा

प्रकाशा गावच्या देवळात दर्शनाला आलेला माणूस आधी आमच्या आप्पांच्या तावडीत सापडतो, मग देवाच्या. आप्पा रोज सकाळी देवळाबाहेरच्या ओट्यावर बसतात. आत जात नाहीत. देव आहे हे कोणी तर्कानं पटवून देत नाही तोवर उंबरा ओलांडायचा नाही, असा त्यांचा नेम. आणि हा नेम ते इतका कडक पाळतात की सोवळ्यातल्या माणसानं शिकून घ्यावं. हा गृहस्थ काही इथून हलत नाही हे लक्षात आलं की लोक बिनधास्त चपला त्यांच्यापाशी ठेवून आत जातात. आप्पा चपला मनापासून सांभाळतात, पण परत देताना हटकतात, "पुरावा काय शे?"

आप्पा, म्हणजे शांताराम, माझे चुलत चुलते. आमची भिंत एक, त्यामुळे माझी यातून सुटका नाही. आपल्या पपईच्या बागेला पाणी सोडलं की आप्पा मोकळे. मग दात घासत उभा असलो तरी विश्वाच्या उत्पत्तीवर माझं मत विचारतात. तोंडात फेस असताना काय मत देणार, कपाळ?

एकदा सुरतेकडचं जोडपं नवस फेडायला आलं. पोराला नोकरी लागली होती. देव पावला, याहून मोठा पुरावा कोणता, असं बाईंचं म्हणणं. आप्पांनी विचारलं, ज्यांच्या पोरांना नोकरी लागली नाही, ते नवस फेडायला येतात का? नाही ना? मग ज्यांना पावला तेच इथं दिसणार. बाई खरोखर विचारात पडल्या. त्यांचा नवरा शहाणा, चपला उचलून केव्हाच गाडीत जाऊन बसला होता.

बरं, नास्तिक म्हणावं तर तेही नाही. शहाद्याहून एक तरुण प्राध्यापक मुद्दाम भेटायला आले. देव-बीव सगळं थोतांड आहे, तुमच्यासारखी माणसं हवीत, असं भरभरून बोलले. आप्पांनी त्यांना चहा पाजला आणि देव नाही याचा पुरावा मागितला. बिचाऱ्यांची एसटी चुकली. पुन्हा काही ते फिरकले नाहीत.

घरात मात्र आप्पांचं कोण ऐकतं? काकू श्रावणात घरी कानबाई देवी बसवतात. आप्पा नारळ वाजवून, निरखून आणतात, फुलं आणतात आणि वर बजावतात, "हाई घरनी शांतता शे, श्रद्धा नही."

कानबाईच्या नैवेद्याचा रोट भाऊबंदांनीच खायचा असतो. त्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतात आणि ते दळून रोट करतात. या नावांत एक नाव भटूकाकांचं. आप्पांचे हे धाकटे भाऊ. भांडण नाही, तंटा नाही, कामासाठी गुजरातेत जातो म्हणून गेले ते गेलेच. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आज माझी पोरगी कॉलेजात आहे. आप्पांनी सुरत, अंकलेश्वर पालथं घातलं, पण पत्ता लागला नाही.

यंदा गहू मोजायला बसलो, तेव्हा आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे धुडकूबाबा म्हणाले की आता भटूची मूठ थांबवा. इतक्या वर्षांत फोन नाही, निरोप नाही. रोट जित्या माणसाच्या नावाचा असतो, गेलेल्याचं नाव घेतलं तर घराला दोष लागतो. काकूंचा हात तिथंच थांबला. बाबा दुष्टपणानं बोलत नव्हते, म्हणून त्यांच्यावर रागावताही येईना.

आप्पा नेहमीसारखे पाठमोरे बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली. दोष म्हणजे काय, तो कोणी पाहिला, यावर आता तासभर तरी वाद चालणार, म्हणून मी मांडी बदलून घेतली. पण आप्पा येऊन सुपाजवळ बसले.

"तो जित्ता शे," ते म्हणाले.

धुडकूबाबा या माणसाशी जन्मभर वाद घालून हरलेले. ते संधी कशी सोडतील? "पुरावा काय शे, शांताराम?"

"काहीच नही."

"मंग देवले बी तसंच मानी ले ना."

मला हसू येणार होतं, पण आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. हनुवटी थरथरत होती.

"देवले कोनीबी रोट देई, बाबा," ते म्हणाले. "मन्हा भटूले कोन देई?"

धुडकूबाबांनी गव्हाची पाटी आप्पांपुढे सरकवली. आप्पांनी मूठ भरली, सुपावर धरली, पण नाव घ्यायला त्यांना आवाज फुटेना.

शेवटी भटूकाकांचं नाव धुडकूबाबांनीच घेतलं.