साळूबाईचं स्वतंत्र बीळ

एका जंगलात, म्हणजे जंगल संपून जिथे नवीन प्लॉट पाडलेत ना मुलांनो, तिथे एक साळूबाई राहायची. "मी मुळातच बावळट," असं ती स्वतःच सांगायची. "अंगभर काटे आहेत, पण कुणाला 'नाही' म्हणता येत नाही."

पोरं मोठी होऊन पांगली होती. एवढं मोठं बीळ झाडून झाडून तिची कंबर गेली होती. नवीन खणणं तर आता जमणारच नव्हतं. तेव्हा हे विकायचं आणि बहिणीच्या शेजारी एखादं लहानसं घ्यायचं, असं तिनं ठरवलं. हे बीळ सोडलं तर तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

एजंट होता कोल्हा. त्यानं बोरीला पाटी ठोकली : 'स्वतंत्र बीळ विकणे आहे. मागेपुढे अंगण. सामाईक भिंत नाही.'

लोक बघायला येऊ लागले. साळूबाई प्रत्येकासाठी पोहे करायची. सशाचं अख्खं बिऱ्हाड आलं. पोहे खाऊन ससा म्हणाला, "कळवतो." घोरपड आली. "वर जरा लिंबू मिळेल का?" म्हणाली. मग तीही म्हणाली, "कळवते."

कोल्हा वैतागला. "साळूताई, बीळ विकताय की मुलगी दाखवताय? पोहे बंद!"

मग नागपंचमीच्या दिवशी नागोबा दारात आले. "पाटी बघितली," म्हणाले.

आता सणाच्या दिवशी देवाला 'उद्या या' कसं म्हणायचं? साळूबाईनं हळदकुंकू वाहिलं. पोहे बंद होते, म्हणून दूध-लाह्या ठेवल्या. नागोबांनी सगळं बीळ फिरून बघितलं. मधल्या खोलीत वेटोळं घातलं. "ऊब चांगलीय," म्हणाले आणि झोपले.

साळूबाई अंगणात उभी राहिली. देवाला उठवावं, तर पाप. कसाबसा एखादा खड्डा करून आडवं व्हावं, तर नागपंचमीला जमीन खणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती कोल्ह्याला म्हणाली, "अहो, किमतीचं तरी विचारा त्यांना."

कोल्ह्यानं दारातून विचारलं. आतून फूस झालं. कोल्हा चार उड्या मागे आला.

"पार्टी चांगली आहे," तो म्हणाला. "फक्त मितभाषी आहे." आणि पाटी काढून घेऊन गेला.

थंडी पडली. साळूबाई बोरीखाली कुडकुडत होती. शेवटी तिनं सगळे काटे उभे केले आणि दारात जाऊन वाकली.

"नागोबा, राग मानू नका हं. पण बिळाचं काय ठरवलंत?"

नागोबांनी फणा जरासा बाहेर काढला.

"कळवतो."

तात्पर्य : आयतं कुणालाच काही मिळत नाही. साळूबाईला खणायचे कष्ट पडले, नागोबांना बघायला यायचे.